फिरतोय, पण सरकत नाही

पाना नेहमीचा, बाराचा. मोटरसायकल गेली नऊ वर्षं माझीच. चेन टाइट करण्याचं काम तर इतक्या वेळा केलेलं की त्यात विचार करावा लागत नाही. तरी त्या सकाळी मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला, चेन ॲडजस्टरचा, म्हणजे चाक मागे ओढून चेन ताणणाऱ्या बोल्टचा, नट पाव वळसा फिरवला आणि हाताला काहीच लागलं नाही. एरवी तो नट आधी सैल फिरतो, मग टेकतो, टेकला की ताण येतो आणि तो ताण मनगटातून कोपरापर्यंत चढतो. एक्सल, म्हणजे चाकाच्या मधला दांडा, मागे ओढला जातोय हे डोळ्यांच्या आधी कोपराला कळतं. यावेळी नट टेकला, जरासा कुरकुरला आणि ओल्या मातीत काठी फिरावी तसा पुढे गेला. मी थांबले. अजून अर्धा वळसा दिला. पुन्हा तेच. बाबा मागे खुर्चीवर बसले होते, उन्हाकडे पाठ करून, डोळे मिटून. डोळे न उघडताच ते म्हणाले, "फिरतोय, पण सरकत नाहीये."

त्यांना कसं कळलं, हे मला दिवसभर टोचत राहिलं. त्यांचे गुडघे आता वाकत नाहीत, त्यामुळे गाडीजवळ बसणं केव्हाच सुटलंय. बसल्या जागेवरून त्यांना चाकही नीट दिसत नव्हतं, मध्ये माझी पाठ होती. संध्याकाळी उजव्या बाजूचा नट फिरवून पाहिला तेव्हा उलगडा झाला. एक्सल खाचेत मागे सरकतो तेव्हा त्याचा वायसर स्विंग आर्मच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या फाट्याच्या, पत्र्यावर घासतो आणि एक अगदी तोकडा, खरखरीत आवाज येतो. नऊ वर्षांत मी तो शेकडो वेळा ऐकला असणार, पण ऐकलाय हे मला माहीत नव्हतं. बाबांना तो माहीत होता. म्हणून तो आला नाही, हे त्यांना कळलं.

खरं तर गोष्ट त्याच्या तीन आठवडे आधीच सुरू झाली होती. गाडी थ्रॉटल सोडताना खालून 'खळ्' असा आवाज करायला लागली. पुन्हा थ्रॉटल दिला की एक बारीक हिसका. हा आवाज दुचाकीवाल्यांना सांगावा लागत नाही. चेन ढिली झालीय आणि स्विंग आर्मवर आपटतेय. मी चेन टाइट केली. चार दिवसांत ती पुन्हा ढिली. पुन्हा टाइट, पुन्हा ढिली. तिसऱ्या वेळी मी मनाशी निकाल लावून टाकला की चेन संपली. चेन 'ताणली' म्हणतो आपण, पण लोखंड काही रबरासारखं ताणलं जात नाही. कडीकडीतल्या पिना आणि त्यांच्या भोवतीच्या बारीक नळ्या, म्हणजे बुश, एकमेकांवर घासून झिजतात, प्रत्येक कडीत केसाएवढी फट वाढते, आणि शंभराच्या वर कड्यांच्या त्या फटी मिळून चेन लांब होते. हान्स रेनॉल्डने १८८० साली मँचेस्टरमध्ये पिनेभोवती बुश आणि बुशभोवती फिरता रोलर घातला, तो या झिजेवरचाच उपाय होता. दाब एका बारीक रेषेवर न येता बुशच्या सगळ्या रुंदीवर पसरावा म्हणून. आजही आपल्या गाडीखाली फिरते ती मूळ त्याच कल्पनेची चेन.

नवा चेनसेट मागवायचा म्हणून मी जुनी चेन मोजायला घेतली. माझ्या चेनची कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे १२.७ मिलिमीटर. वीस कड्यांचं नवं माप २५४ मिलिमीटर. चेन ताणून धरली, पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत मोजलं, तीन ठिकाणी. दोन ठिकाणी २५५, एका ठिकाणी २५५ ला किंचित वर. म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या आत-बाहेर. चाक हाताने फिरवत खालची चेन दाबून पाहिली. एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी लोंबणारी, असं काही नव्हतं. मागच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यावर बसते त्या दातेरी चक्राचे, दातही सरळ होते, लाटेसारखे वाकलेले नव्हते. चेन चांगली होती. तीन आठवडे मी तिला दोष देत होते आणि तिचा त्यात काही भाग नव्हता.

चेन वाढत नसेल आणि तरी ढील वाढत असेल, तर उरतं एकच. चाक पुढे येतंय.

हे कळायला मला तीन आठवडे लागावेत याचं वाईट वाटलं, कारण हे मी लहानपणीच शिकले होते. बाबांच्या सायकलला मागे ॲडजस्टर नव्हते. मागचा एक्सल उघड्या खाचेत बसायचा, दोन बाजूंना दोन नट. चेन ढिली झाली की बाबा सायकल उलटी करायचे, दोन्ही नट सैल करायचे, आणि एका हाताने चाक मागे खेचून धरायचे. दुसऱ्या हाताचा अंगठा चाक आणि फ्रेमच्या मध्ये, चाक मधोमध आहे ना हे पाहायला. नट आवळायचं काम माझं. मी सगळं बळ लावून पाना ओढायचे आणि नेमक्या त्या वेळी चाक चेनच्या बाजूला तिरकं व्हायचं, कारण नट आवळताना एक्सलही थोडा वळतो आणि चाकाला सोबत घेऊन जातो. मग पुन्हा सैल, पुन्हा खेचणं. "थांब, अजून धरलं नाहीये मी," हे त्यांचं वाक्य. त्यांचा हात निसटला की सगळं पहिल्यापासून. त्यांच्या तळहाताला टायरच्या खाचांचे काळे ठसे उमटायचे आणि ते दोन दिवस जायचे नाहीत. पुढे पहिल्यांदा मोटरसायकलच्या मागच्या चाकाशी बसले आणि एक्सलच्या दोन्ही टोकांना ते आट्यांचे बोल्ट पाहिले, तेव्हा ते कशासाठी आहेत हे कुणाला विचारावं लागलं नाही. नट आवळेपर्यंत चाक मागे धरून ठेवणारा हात.

ॲडजस्टर उघडायचा तर चाक काढावं लागतं. पुढच्या रविवारी काढलं. माझ्या गाडीत हा बोल्ट म्हणजे एका टोकाला चपटी पट्टी, तिच्या भोकातून एक्सल जातो. दुसरं टोक आट्यांचं, ते स्विंग आर्मच्या मागच्या टोपीतून बाहेर येतं आणि त्यावर एक नट आणि त्याच्या पाठीला चेकनट, पहिला सैल होऊ नये म्हणून. नट आवळला की टोपीला टेकून तो बोल्टला मागे ओढतो, बोल्ट एक्सलला, एक्सल चाकाला. बोल्ट आठ मिलिमीटरचा, आट्याचं अंतर १.२५. म्हणजे नटाचा एक पूर्ण वळसा म्हणजे चाक सव्वा मिलिमीटर मागे. षटकोनी नटाची एक बाजू सरकवली तर जेमतेम ०.२ मिलिमीटर. ऐकायला काहीच वाटत नाही. पण चाक अर्धा मिलिमीटर जरी पुढे आलं तरी चेनच्या मधोमध बोटाने दाबून मोजलेली ढील पंचवीस मिलिमीटरची चाळीस व्हायला वेळ लागत नाही. चेनचं गणितच तसं आहे. लांबीत एवढंसं दिलं की मध्ये भरपूर लोंबतं.

रॉकेलमध्ये जुना ब्रश बुडवून मी बोल्ट घासला. काळं ग्रीस, त्यात अडकलेली वाळू, चेनच्या तेलाचा चिकट थर, सगळं निघालं. मग टॉर्चच्या उजेडात तो बोटांमध्ये धरून हळूहळू फिरवला. टोकाकडचे आटे तांबूस, गंजाने खरबरीत. नऊ वर्षं बाहेर पावसात राहिलेले. एक्सलकडचे आटे अजून राखाडी, कोरे, तिथपर्यंत नट कधी पोचलाच नव्हता. आणि मधली पाच-सहा वळणं चमकत होती. नको तेवढी. चांगल्या आट्याचा माथा जरासा सपाट असतो, दोन्ही उतार सारखे. इथे माथ्याला धार आली होती आणि सगळे आटे एकाच बाजूला कलले होते, वाऱ्याने झोपलेल्या पिकासारखे. नखाने ओढलं तर कोऱ्या आट्यांवर नख टकटक अडकत जायचं. मधल्या भागात ते घसरायचं. नट उजेडासमोर धरला तर त्याच्या आतून एक बारीक तार बाहेर आलेली दिसली, पेनातल्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. चिमटीत धरून ओढली तर अख्खी निघाली. नटाचे स्वतःचे आटेच सोलून निघाले होते. मी ती तार तळहातावर घेऊन बराच वेळ पाहत बसले. तिला काही वजनच नव्हतं.

आटे गेले, असं आपण किती सहज म्हणतो.

नवा नट लावून भागेल असं आधी वाटलं. डब्यात सुटे नट होते, त्यातला एक आठाचा घेतला. तो दोन वळसे गेला आणि अडला. आटा बारीक होता, एक मिलिमीटर अंतराचा. अशा वेळी पान्याने जोर लावायचा मोह होतो आणि तिथेच चांगला बोल्टही वाया जातो. नट हाताने जात नसेल तर तो त्या बोल्टचा नाहीच. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थने आट्यांची मापं आणि कोन ठरवून मांडले, त्याआधी एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसेल याची खात्री नसायची. आता मापं ठरलेली आहेत, तरी सारख्या जाडीवर दोन वेगळे आटे असतात आणि डोळ्यांना ते एकच दिसतात. मग बरोबर अंतराचा नट शोधला आणि बोटांनी बोल्टवर चढवला. ही परीक्षा मला सगळ्यात खरी वाटते, कारण तिच्यात पान्याची ताकद मध्ये येत नाही. गंजलेल्या भागात नट घासत गेला, पण सरळ गेला. मधल्या भागात आल्यावर तो डुलायला लागला. दोन बोटांत धरून हलवला तर पडायला आलेल्या दातासारखा हलत होता. आणखी पुढे, कोऱ्या आट्यांवर, पुन्हा शांत. पण ती कोरी जागा कामाची नव्हती. माझ्या चेनच्या लांबीला नट जिथे बसायला हवा होता, ती जागा नेमकी त्या झिजलेल्या भागावर होती.

बोल्ट झिजला हे कळलं, पण मला राहवेना. उजवा बोल्ट नऊ वर्षं तसाच तर होता, मग डावाच का? चेन डावीकडे, ओढ डावीकडे, हे एक उत्तर झालं. पण ते पुरेसं नाही. ॲडजस्टरचा बोल्ट चाकाला धरून ठेवायला नसतोच. चाक धरतो एक्सलचा मोठा नट. तो पुस्तिकेत दिलेल्या ताकदीने आवळला की स्विंग आर्मची दोन टोकं एक्सलभोवती दाबली जातात आणि त्या दाबाने होणाऱ्या घर्षणावर चाक जागेवर राहतं. ॲडजस्टरने फक्त जागा दाखवायची आणि एक्सल नट आवळेपर्यंत ती सांभाळायची. मी काय करत होते? माझ्याकडचा पाना आखूड, त्यामुळे एक्सल नट 'बऱ्यापैकी' आवळायचा. आणि चेन टाइट करायची तेव्हा घाईत तोच नट पुरता सैल न करता ॲडजस्टरवर जोर द्यायचा. म्हणजे दाबून धरलेला एक्सल त्या बोटाएवढ्या बोल्टने खेचून काढायचा, आणि नंतर मोठ्या नटाने सोडून दिलेली चेनची ओढही त्यानेच सोसायची. नटात जेमतेम पाच आटे गुंततात आणि सगळे सारखे ओझं उचलत नाहीत. टेकणाऱ्या बाजूचा पहिला आटाच जवळजवळ एक तृतीयांश उचलतो. तो गेला की दुसरा पहिला होतो. असं एकामागून एक. त्या तीन आठवड्यांत मी दर वेळी नट आवळून उरलेल्यांना पुढे ढकलत होते.

हे बाबांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. त्यांनी बोल्ट मागून घेतला आणि अंगठ्याने आट्यांवरून फिरवला. त्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी आता गाठ आलीय, नीट पकड बसत नाही, बाटलीचं झाकणसुद्धा मी उघडून देते. पण तो अंगठा मधल्या भागावर येऊन बरोबर थांबला. "मोठा नट आधी पूर्ण सैल करायचा असतो," एवढंच ते म्हणाले, आणि बोल्ट परत दिला. रागाने नाही म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"आणि उजवा?" त्यांनी विचारलं.

"तो ठीक आहे. पाहिला मी."

उजवा मी खरंच पाहिला होता. आटे सपाट माथ्याचे, नट न डुलता बोटांनी शेवटपर्यंत गेला. साफ करून, आट्यांना ग्रीस लावून परत बसवला. डावीकडे नवा ॲडजस्टर, नवा नट, नवा चेकनट. यावेळी एक्सल नट पुरता सैल केला, इतका की चाक खाचेत हाताने मागेपुढे होत होतं. दोन्ही बाजू पाव-पाव वळशाने नेल्या. स्विंग आर्मवरच्या खुणांवर मी सगळा भरवसा ठेवत नाही. दोन्ही बाजूंच्या खुणा नेहमी तंतोतंत जुळलेल्या असतातच असं नाही. म्हणून स्विंग आर्म जिथे वळतो त्या पिव्होटपासून एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्हीकडे पट्टीने मोजलं आणि मागून एक डोळा मिटून चेनच्या ओळीत पाहिलं. ढील पुस्तिकेत सांगितल्याएवढीच ठेवली, त्याहून कमी नाही. नवी गोष्ट बसवली की ती घट्टच करावीशी वाटते, आणि चेनच्या बाबतीत ते महागात पडतं. पुढचं स्प्रॉकेट, स्विंग आर्मचा पिव्होट आणि मागचा एक्सल खड्ड्यात गाडी दबल्यावर एका रेषेत येतात, तेव्हा चेन सगळ्यात ताठ होते. उभ्या गाडीत दिसणारी ढील त्या क्षणासाठी राखून ठेवलेली असते. ती काढून घेतली तर ताण सगळा गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर जातो.

डावा नट नव्या बोल्टवर फिरवताना मी मुद्दाम सावकाश फिरवला. सैल, मग टेकला, मग ताण. मनगट, कोपर. आणि तो तोकडा खरखरीत आवाज. मी मागे पाहिलं. बाबांचे डोळे मिटलेलेच होते, पण मान किंचित हलली.

एक्सल नट लांब दांड्याच्या टॉर्क पान्याने आवळला. तो पाना मागून आणलेला होता, आणि कट् असा आवाज येईपर्यंत तो किती ओढावा लागतो हे पाहून मी चकित झाले; इतकी वर्षं मी ज्याला आवळणं म्हणत होते ते त्याच्या निम्म्यावरही नसावं. मग चेकनट. चेकनट आवळताना मूळ नट त्याच्यासोबत फिरतो, म्हणून एका पान्याने त्याला धरून ठेवायचं आणि दुसऱ्याने चेकनट लावायचा. सगळं झाल्यावर ढील पुन्हा मोजली, कारण शेवटच्या आवळण्यात ती हलते. शेवटी दोन्ही बाजूंना पांढऱ्या ऑइल पेंटची एक-एक बारीक रेघ ओढली, चेकनटावरून नटावर, तिथून टोपीवर. काही हललं तर रेघ तुटलेली दिसेल.

पुढचे दहा-बारा दिवस गाडी रोजच्यासारखी वापरली, दोनशे किलोमीटरच्या आसपास झाले. 'खळ्' आवाज गेला होता. थ्रॉटल सोडला की चेनची नुसती एकसारखी सरसर. हा आवाज इतका चांगला वाटायचा की मी उगाचच थ्रॉटल सोडून पाहायचे. झिजलेला बोल्ट आणि ती तार अजून माझ्या टेबलावर होती. फेकायचं म्हणून दोनदा उचलली आणि परत ठेवली. त्या बोल्टकडे पाहिलं की वाईट वाटतं, आणि वाईट वाटतं तरी तो समोर असावासा वाटतो. या दोन्हींचा मेळ मला अजून लागलेला नाही.

रविवारी सकाळी गाडी स्टँडला लावली, चिंधीने डावी टोपी पुसली आणि वाकून पाहिलं. रेघ अखंड, काल ओढल्यासारखी. नखाने खरवडूनही पाहिली. खूप बरं वाटलं, तशीच उठले, आणि उठता उठता आठवलं म्हणून पलीकडे गेले. उजवी टोपी पुसली. रेघ होती. चेकनटावर होती, नटावरही होती, पण दोन्हींच्या मध्ये ती जुळत नव्हती. चेकनट केसभर मागे आला होता. मी त्याला हाताने फिरवून पाहिलं. फिरला. डावीकडे दोन पाने लावून जो चेकनट आवळला होता, तो उजवीकडे तसा आवळल्याचं मला आठवेना.

"काय गं?" बाबांनी विचारलं.

"उजवा. चेकनट हललाय, केसभर."

त्यांनी खुर्ची फरफटत चाकाजवळ आणली आणि बसले, आणि हात पुढे केला. मी दोन्ही पाने आणायला आत गेले.